जमीन, चौकट आणि मेज

हस्तकलांच्या इतिहासात तयार वस्तूला जेवढा मान मिळतो, तेवढा ती ज्या जागेवर घडली त्या जागेला मिळत नाही. कुंभाराचे चाक आणि विणकराचा माग यांची नोंद इतिहासाने घेतली आहे. कारण ही साधने त्या कारागिराच्या हक्काची होती आणि त्याच एका कामासाठी राखलेली होती. घरातील स्त्रीने शिवलेल्या गोधडीचे तसे नाही. ती जेथे शिवली गेली ती जागा सकाळी दुसऱ्या कामाची होती आणि संध्याकाळी पुन्हा दुसऱ्याच कामाची झाली. गोधडी मागे उरली, जागेची आठवण उरली नाही.

या लेखात आम्ही गोधडीच्या नक्षीऐवजी तिच्या खालच्या जागेकडे पाहणार आहोत. निमित्त साधेच आहे. गोधडीचे थर पिनांनी एकमेकांस टाचताना खालच्या लाकडी मेजावर ओरखडे उठू नयेत म्हणून काय करावे, हा प्रश्न अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि इतर पाश्चात्त्य देशांत घरी क्विल्ट शिवणाऱ्या स्त्रियांना नेहमी पडतो. वरवर पाहता ही किरकोळ घरगुती अडचण आहे. परंतु ती निर्माण होण्यापूर्वी बरेच काही बदलावे लागले, आणि त्या बदलात स्त्रीच्या कामाला घरात कोठे व किती जागा मिळाली याचीही कहाणी दडलेली आहे.

थर का टाचावे लागतात?

आपली गोधडी किंवा वाकळ असो, बंगालची कांथा असो की पाश्चात्त्यांची क्विल्ट, या सर्वांचे मूळ तत्त्व एकच आहे. दोन किंवा अधिक थर एकावर एक ठेवून ते आरपार टाक्यांनी बांधायचे. क्विल्टमध्ये सामान्यतः तीन थर असतात: खाली अस्तर, मध्ये कापसाचे किंवा लोकरीचे भरण आणि वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग. हे तीन थर एकाच स्वभावाचे नसतात. अस्तर ताणले जाते, भरण दबते, वरचा भाग तिरक्या तुकड्यांच्या कडेने लांबतो. शिवताना एक थर जरी बोटभर सरकला, तरी मागच्या बाजूस चुण्या पडतात आणि एकदा शिवलेली चुणी उसवल्यावाचून जात नाही. म्हणून पक्की शिलाई घालण्यापूर्वी थरांना तात्पुरते जखडून ठेवावे लागते. मराठीत यासाठी 'टाचणे' हे क्रियापद आहे, आणि त्याच्याच नात्यातील 'टाचणी' आपण रोज वापरतो.

टाचण्यासाठी सपाट आणि प्रशस्त पृष्ठभाग हवा. तो कोठून आणायचा, याची निरनिराळ्या समाजांनी तीन उत्तरे दिली: जमीन, चौकट आणि मेज.

जमिनीवरचे काम

आपल्याकडे हे काम जमिनीवर झाले. जुने लुगडे अंथरायचे, त्यावर धोतरे, साड्या, सदऱ्यांचे उसवलेले तुकडे पसरायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचे आणि मोठे टाके घालून सारे टाचून घ्यायचे. मग धावदोऱ्याच्या ओळी घालत बसायचे. वापरून मऊ झालेली सुती वस्त्रे एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे थर फारसे सरकत नाहीत. जमीन शेणाने सारवलेली असे. सुईचे टोक तिला लागलेच, तरी त्याचा मागमूस पुढच्या सारवणात नाहीसा होई. जमिनीला जपण्याचा प्रश्नच कोणास पडला नाही.

जमिनीवरच्या कामाचे एक विलक्षण उदाहरण कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. हे आफ्रिकी वंशाचे लोक. यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, आणि तेथून निसटून त्यांनी या जंगलांचा आश्रय घेतला. आज त्यांच्यात कॅथलिक, मुसलमान आणि हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. तेथील स्त्रिया 'कवंदी' नावाच्या गोधड्या शिवतात. आफ्रिकी कलेचे अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या लेखनामुळे आणि परिश्रमामुळे त्या जगापुढे आल्या. कॅथलिक स्त्रियांच्या कवंदीवर कधी कधी कापडाच्या तुकड्यांचे क्रूसही दिसतात.

कवंदीची रीत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधक आहे. सिद्दी स्त्री जुनी साडी अस्तर म्हणून घेते आणि एका कोपऱ्यापासून आरंभ करते. एकेक तुकडा कडा दुमडून ठेवायचा व धावदोऱ्याने तेथल्या तेथे बसवायचा, असे करीत ती काठाकाठाने फिरत आत आत सरकते आणि शेवटी मध्यावर येऊन थांबते. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी मानली जाते. या पद्धतीत तुकडे जोडणे, थर टाचणे आणि पक्की शिलाई घालणे या तीन क्रिया एकाच वेळी होतात. आधी सारे पसरून जखडून ठेवण्याची पायरीच येथे नाही. त्यामुळे पिना नकोत, चौकट नको आणि मेजही नको. मांडी, जमीन आणि सुई एवढ्यावर काम भागते.

चौकटीभोवतीचे काम

युरोपात ही कला जुनी आहे. चौदाव्या शतकात सिसिली बेटावर तयार झालेल्या आणि त्रिस्तानच्या कथेतील प्रसंग दाखवणाऱ्या क्विल्टांचे भाग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढील शतकांत इंग्लंड, वेल्स आणि तेथून गेलेल्या वसाहतवाल्यांबरोबर उत्तर अमेरिका येथे घरोघरी क्विल्ट शिवल्या जाऊ लागल्या. तेथे पृष्ठभागाचा प्रश्न लाकडी चौकटीने सोडवला.

चौकटीची रचना साधी असे. दोन लांब दांड्यांना अस्तराच्या दोन कडा शिवायच्या आणि दोन आडव्या पट्ट्यांनी त्या दांड्या एकमेकींपासून दूर ताणून धरायच्या. ताणलेल्या अस्तरावर भरण आणि वरचा भाग ठेवला की थर आपोआप सपाट राहतात. शिवणारीचा एक हात वर आणि दुसरा खाली असे. वरच्या हाताने सुई खुपसायची आणि खालच्या हाताच्या बोटाने तिचे टोक आले की नाही ते जाणून घ्यायचे. एक भाग पूर्ण झाला की तो दांडीभोवती गुंडाळायचा. चौकटीखाली मोकळी हवा होती. सुईचे टोक लागायचे ते बोटाला; लाकडाला नव्हे.

परंतु चौकट खोलीभर जागा अडवी. लहान घरात ती दिवसेंदिवस मांडून ठेवणे शक्य नव्हते. म्हणून अमेरिकेतील कित्येक घरांत तिच्या चार कोपऱ्यांना दोर बांधून ती छताला टांगत. काम करताना खाली सोडायची आणि जेवणाची किंवा निजण्याची वेळ झाली की वर ओढून घ्यायची.

चौकटीचा दुसरा गुण असा, की तिच्या चारी बाजूंनी अनेकींना बसता येते. यातूनच एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत शेजारणींनी एकत्र जमून क्विल्ट शिवण्याची प्रथा रूढ झाली. वरचा भाग एकीने थंडीच्या दिवसांत एकटीने जोडून ठेवायचा आणि मग सर्वजणींनी मिळून तो शिवून पुरा करायचा. चर्चच्या महिला मंडळांनीही ही प्रथा उचलली. थोडे पैसे घेऊन देणगीदाराचे नाव क्विल्टवर भरायचे आणि जमलेला निधी मिशनकार्यास किंवा चर्चच्या बांधकामास द्यायचा, अशी नावांची क्विल्ट हा तेथील धर्मग्रामांच्या इतिहासाचा एक हृद्य भाग आहे.

विसाव्या शतकातही चौकटीने अनेक घरांची चूल पेटती ठेवली. इंग्लंडमध्ये १९२८ साली ग्रामीण उद्योगांसाठी नेमलेल्या सरकारी मंडळाने दक्षिण वेल्स आणि डरहॅम येथील मंदीग्रस्त खाणकामगारांच्या बायकांसाठी क्विल्ट शिवण्याची योजना काढली. लंडनच्या क्लॅरिजेस या आलिशान हॉटेलाने त्यांच्या क्विल्ट विकत घेतल्या. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड आणि आसपासच्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभारली. तिला फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल धर्मगुरूंचे साहाय्य होते. गीज बेंडच्या क्विल्टांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत भरले, आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली.

पिन स्वस्त झाली

मेजाकडे वळण्यापूर्वी पिनेचा थोडा विचार करावा लागेल. अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात श्रमविभागणीचे जे उदाहरण दिले, ते टाचणीच्या कारखान्याचे. एक टाचणी सुमारे अठरा क्रियांतून तयार होते आणि त्या वाटून घेतल्यास दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करू शकतात, असे त्यांनी दाखवले. पुढे यंत्रे आली आणि टाचणी आणखी स्वस्त झाली. वॉल्टर हंट या अमेरिकन संशोधकाने १० एप्रिल १८४९ रोजी सेफ्टी पिनेचे पेटंट मिळवले आणि ते ४०० डॉलरांना विकून टाकले. साध्या टाचणीचे टोक उघडे राहते. ती बोटाला टोचते आणि कापड हलवले की गळून पडते. सेफ्टी पिन थरांना धरूनही ठेवते आणि आपले टोकही झाकते. थर टाचण्यासाठी ती सर्वत्र वापरली जाण्यास मात्र आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

मेजावरचे काम

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरी घरांत विकतची ब्लँकेटे आली आणि चौकटी माळ्यावर गेल्या. पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून मांडल्या गेल्या. या प्रदर्शनाने आणि १९७६ सालच्या राष्ट्रीय द्विशताब्दीने या कलेला नवे चैतन्य आणले. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याची सुरी बाजारात आणली. तिच्याबरोबर चिरा आपोआप मिटणारी जाड चटई आली आणि तुकडे कापण्याचे काम झपाट्याने होऊ लागले. त्याच सुमारास घरच्या शिलाई यंत्रावर क्विल्ट पूर्ण करण्याची पद्धत मूळ धरू लागली. १९८९ साली केंटकी राज्यातील पदूका येथील प्रतिष्ठित स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा हाताच्या टाक्याचा एकाधिकार संपला.

यंत्राने मात्र जुना प्रश्न नव्याने उभा केला. चौकटीत ताणलेली क्विल्ट शिलाई यंत्राच्या सुईखाली घालता येत नाही. ती मोकळी हवी, गुंडाळता यायला हवी, आणि तरीही तिचे थर हलता कामा नयेत. कच्च्या दोऱ्याने टाचावे, तर तो यंत्राच्या टाक्यांत अडकून काढताना त्रास होतो. म्हणून सेफ्टी पिना आल्या. त्या टोचण्यासाठी विस्तीर्ण, सपाट आणि गुडघ्यांना न दुखवणारा पृष्ठभाग हवा होता. तो घरात एकच होता आणि तो म्हणजे जेवणाचे मेज.

आता अडचणीचे स्वरूप पाहू. ९० इंच रुंद आणि १०० इंच लांब अशी मोठ्या पलंगाची क्विल्ट घेतली आणि दर ४ इंचांवर एक पिन लावली, तर साडेपाचशेहून अधिक पिना लागतात. क्विल्टवर कोठेही मूठ टेकवली तरी तिच्याखाली पिन यावी, असा तेथील शिवणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. प्रत्येक पिन वरून खाली जाते, तीनही थर ओलांडते, मेजाच्या पृष्ठभागावर घासते आणि पुन्हा वर येते. म्हणजे एका क्विल्टमागे ओरखड्याचे साडेपाचशे प्रसंग!

आणि मेजाची त्वचा नाजूक असते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील मेजांना जे तकतकीत पॉलिश होऊ लागले, ते लाखेचे. ही लाख मुख्यत्वे भारताच्या जंगलांतून, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरील किड्यांपासून मिळालेली. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्याने थरावर थर चढवून ही चमक आणत. ती मोहक असली तरी पातळ असते. गरम भांड्याने तिच्यावर पांढरे वलय उमटते आणि टोकदार वस्तूने ती कापली जाते. आजची रासायनिक रोगणे अधिक चिवट आहेत, पण पोलादी टोकापुढे त्यांचाही निभाव लागत नाही. ओरखडा लाकडापर्यंत पोहोचला की त्यातून ओल आत शिरते आणि डाग काळवंडतो.

यावर शिवणाऱ्या स्त्रियांनी जे उपाय शोधले, ते अनुभवातून आलेले आहेत. मनात पहिल्यांदा येते ते जाड कांबळे अंथरण्याचे. पण तो उपाय फसवा आहे. मऊ कापडात पिनेचे टोक सहज रुतते आणि क्विल्टबरोबर कांबळेही टाचले जाते! हे काम संपल्यावर उचलताना कळते. म्हणून क्विल्टच्या लगेच खाली येणारा थर कठीण आणि गुळगुळीत हवा: तुकडे कापण्याची ती जाड चटई, किंवा हार्डबोर्डचा गुळगुळीत बाजू वर केलेला तक्ता. मऊ कापडाची जागा त्याच्या खाली, तक्ता आणि मेज यांच्यामध्ये. कारण तेथे वाळूचा एक कण अडकला तरी तक्ता सरकताच तो लाकूड खरवडतो. अस्तर ताणून धरण्यासाठी मेजाच्या कडेला चिमटे लावतात. त्यांच्या जबड्याखाली पुठ्ठ्याची घडी घालतात. चिकटपट्टी जुन्या पॉलिशवर थेट लावीत नाहीत, कारण काढताना तिच्याबरोबर पॉलिशही सुटून येते.

टोचण्याचीही रीत आहे. अस्तर ताठ असावे पण ओढलेले नसावे. ओढले तर चिमटे काढल्यावर ते आकसते आणि चुण्या पडतात. पिना मध्यापासून बाहेर लावीत जायचे, म्हणजे सुरकुती काठाकडे निघून जाते. कवंदी काठापासून मध्याकडे येते आणि ही मध्यापासून काठाकडे जाते, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पिन तिरपी आणि उथळ घालावी, आणि वर येणारे टोक चमच्याच्या कडेवर झेलावे. त्याने बोटही वाचते आणि मेजही. क्विल्ट पुढे सरकवण्यापूर्वी सर्व पिना बंद कराव्यात व ती ओढू नये, उचलावी. कारण उघडी पिन ओढली गेली की एकाच झटक्यात वीतभर रेघ उमटते.

कोणाचे मेज?

हे सारे उपाय वाचताना आम्हांला एक गोष्ट जाणवते. त्यांतील बहुतेकांचा क्विल्टच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नाही. ते आहेत ते काम झाल्यावर मेज पूर्वी होते तसे परत करण्यासाठी. संध्याकाळी त्याच मेजावर कुटुंब जेवायला बसणार आहे. तेव्हा तेथे दिवसभर काय घडले याची खूण उरता कामा नये. छताला ओढून घेतलेली चौकट हेच सांगते. सारवणात मिटून जाणारा सुईचा ठिपकाही हेच सांगतो. तीन खंडांत, तीन निराळ्या पृष्ठभागांवर, स्त्रीचे हे काम उसन्या जागेवर चालले आणि ती जागा तिने न चुकता, न डागाळता परत केली.

जागेबरोबर सोबतीचाही प्रश्न येतो. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या दोघी-तिघी आणि चौकटीभोवतीच्या आठ-दहा जणी यांच्या तुलनेत मेजावर पिना लावणारी स्त्री बहुधा एकटी असते. चौकटीत ताण चौकट धरीत असे आणि काम अनेक हातांत वाटले जाई. मेजावर ताण चिमट्यांनी धरायचा आणि साडेपाचशे पिना एकटीने लावायच्या. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत आज अनेक क्विल्ट मंडळे पुन्हा चर्चच्या सभागृहात जमतात. तेथील घडीची मेजे कठीण कृत्रिम पत्र्याची असतात, दोन-चार एकत्र लावता येतात, आणि दोन बाजूंनी चौघी उभ्या राहिल्या की दिवसाचे काम तासाभरात होते. ज्यांना परवडते त्या आपली क्विल्ट रुळांवर थर ताणून धरणाऱ्या मोठ्या यंत्रावर शिवून घेतात. तेथे टाचण्याची गरजच पडत नाही. नीट पाहिले तर ती जुनी चौकटच आहे, फक्त तिला मोटर जोडलेली आहे.

आपल्याकडेही जमीन बदलली आहे. सारवणाच्या जागी फरशी आली, लुगड्याच्या जागी नायलॉनची साडी आली. नायलॉन गुळगुळीत असल्याने थर सरकतात आणि टाचण्याचे काम अधिक जिकिरीचे होते. महाराष्ट्रात बचत गटांतील अनेक स्त्रिया आता गोधड्या विकण्यासाठी शिवतात. गोधडीला बाजारभाव मिळू लागला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु किंमत ठरवताना कापड, दोरा आणि टाक्यांचे तास मोजले जातात. थर अंथरणे, सारखे करणे, टाचणे आणि शेवटी जागा झाडून मोकळी करणे यांचे तास हिशेबात क्वचितच धरले जातात. कारण त्यांची खूण तयार मालावर दिसत नाही.

कुंभाराच्या चाकाप्रमाणे गोधडीच्या कामालाही त्याची स्वतःची जागा असावी, ही मागणी मोठी नाही. आपल्या धर्मग्रामांतील सभागृहे आठवड्यातील बरेच दिवस रिकामी असतात. तेथे दोन मेजे कायमची राखून ठेवता आली, ज्यांच्यावर ओरखडा उठला तरी कोणाची हरकत नसेल, तर आज फरशीवर गुडघे टेकून एकटीने थर टाचणाऱ्या अनेक जणींचे श्रम हलके होतील, आणि त्या श्रमांची किंमतही चारचौघींत उघडपणे ठरवता येईल.